छपरावरची चादर

धूळमास ६

आजही आली. थोरला सूर्य डोक्यावर असताना. स्वयंपाकघरात एकदम तपकिरी उजेड पडला आणि माझा हात पेल्यावरच राहिला. वर बघायची गरज नव्हती.

शोधपथक काल रिकामं परतलं. वादळाने चाकांच्या खुणा पुसल्या, म्हणतात. क्रेन लावलेली पाइपदुरुस्तीची एवढी मोठी गाडी! सुई आहे का ती, हरवायला? पथकाचा प्रमुख दारातच उभा राहिला. "वहिनी, आम्ही हात टेकले." एवढं बोलून गेला. पाणी देते म्हटलं तर तेही नको म्हणाला. नवरा गेलेल्या घरात कोणाच्या घशाखाली पाणी उतरत नाही, असं दिसतंय.

गेलेल्या — हा शब्द मी लिहिला. खोडत नाही.

धूळमास ७

लोक तिला चादर म्हणतात. दोरीवरून निसटून उडालेल्या चादरीसारखी दिसते, म्हणून. दुसरं कारण कोणी मोठ्याने सांगत नाही. वाळवंटात कोणी मरायला टेकलं की ही त्याच्यावर येऊन पसरते, म्हणे. पांघरूण घालायला.

आमच्या अख्ख्या छपराएवढी आहे. पंख इतके पातळ की सूर्य पलीकडून दिसतो, शिरांसकट. आवाज नाही. हलणं नाही. नुसती लटकून असते, थोरला मावळेपर्यंत. मग धाकट्या सूर्याच्या लालसर उजेडात पूर्वेकडे निघून जाते. तो पूर्वेलाच गेला होता.

गावात एवढी घरं आहेत. आमच्याच का?

धूळमास ९

त्याचे शर्ट आज दोरीवर टाकले. धुतले नाहीत, नुसते झटकले. वास घालवायचा नव्हता.

ती खाली आली! अंगणात, माझ्यापासून हातभर अंतरावर. तोंड एवढंसं, म्हाताऱ्या माणसासारखं सुरकुतलेलं. डोळे मिटून तिने निळ्या शर्टाच्या बाहीला गाल घासला. मग कॉलरला. 

तिला हा वास माहीत आहे. कुठून माहीत असेल ते मला कळतंय. लिहवत नाही.

आई — माझ्या सासूबाई — दारात उभ्या होत्या. घाबरल्या नाहीत. हसल्या. "आलास?" म्हणाल्या.

धूळमास १०

आई तिच्याशी बोलतात. दुपारभर अंगणात खुर्ची टाकून, तिच्या सावलीत. गुडघ्यांचं सांगतात, शेजारणीच्या चहाड्या करतात. मी म्हटलं, "आई, ते जनावर आहे." तर म्हणतात, "अगं, मला काय डोळे नाहीत? जनावरच आहे. पण त्याने पाठवलंय."

धूळमास १२

छपरावरची टाकी सकाळी भरलेली, संध्याकाळी तळाला. वर जाऊन पाहिलं तर झाकण बाजूला सरकवलेलं. चादरीला झाकण काढता येत नाही. आईंना येतं, अंगणातून दोरी ओढून.

आणि मी पाणीघरात कामाला! हवेतून थेंब थेंब पिळून काढायचं आणि घराघराला मोजून सोडायचं, हेच माझं काम. मुकादमाने बोलावलं. "तुमच्याच घरचा मीटर असा पळायला लागला, तर बाकीच्यांना मी काय तोंड दाखवू?" खालमानेने ऐकून घेतलं.

घरी येऊन आईंवर चिडले. आईंचं उत्तर तयार. "सून पाणीघरात, आणि माझ्या पाहुण्याला घोटभर पाणी नाही! लोक काय म्हणतील?"

हसू आलं मला. किती दिवसांनी. मग तसंच रडूही.

धूळमास १३

तो बाहेर कामावर असला की मोठ्या पाइपवर पान्याने ठोकायचा. मी इकडे पाणीघरातून ठोकायची. त्यात अर्थ काही नसायचा — आहे, एवढाच. आज सगळे जेवायला गेल्यावर मी पाइपवर ठोकलं. कान लावून बसले. पाणी चढल्याचा आवाज, बाकी काही नाही. पुन्हा ठोकलं. मग मुकादम आला, म्हणून गळती बघत असल्याचं नाटक केलं.

धूळमास १५

आई छपरावर चढल्या! ज्यांना उंबरा ओलांडताना माझा हात लागतो, त्या शिडीवरून! मी कामावरून आले तर त्या अगदी कडेला उभ्या, दोन्ही हात वर केलेले, आणि चादर त्यांच्या डोक्यावर इतकी खाली की त्यांचे केस हलत होते. "थोडं आणखी घेऊन जा," असं काहीतरी म्हणत होत्या. एक पाऊल चुकलं असतं तर!

कसं खाली आणलं माझं मला माहीत. 

नवरा घेऊन गेली. आता सासू न्यायला बसलीय. भाऊजींना निरोप धाडला. धाकटे भाऊजी फाटकावर पहारा करतात, बंदूक त्यांच्याकडेच असते.

धूळमास १६

मारली.

भाऊजी आले तेव्हा ती टाकीवर पसरलेली होती. त्यांनी नेम धरला आणि मग बंदूक खाली केली. "वहिनी, नक्की ना? काही करत नाहीये ती." मी म्हटलं, "काही करेपर्यंत थांबायचं का?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

एकच गोळी. ती ओरडली नाही. तरंगत अंगणात आली, घडी पडावी तशी पडली. आईंना मी खोलीत कोंडलं होतं. आतून दारावर थापा मारत होत्या. "अगं, नको! अगं, त्याचं कसं होईल!"

आम्ही तिला उचलायला गेलो तर उचलेना. पंख कागदासारखे, पण पोट दगडासारखं जड. पोटाला दाट लोकर आहे, उन्हाच्या आड खालून ती कधी कळलीच नव्हती. ती लोकर टाकीच्या पाण्याने निथळत होती. मी पिळत गेले आणि बादली भरत गेली. भाऊजी म्हणाले, "एवढं एकटी पिणार होती का ही?" मी म्हटलं, "चोरच ती." पाणी गाळून टाकीत परत ओतलं.

धूळमास १७

गाढ झोप लागली. दुपारी स्वयंपाकघरात लख्ख ऊन. शेजारीण म्हणाली, "सुटलात बाई." हो म्हटलं.

धूळमास १८

आई बोलत नाहीत. जेवतात, माझ्याकडे बघतात, पुन्हा पूर्वेकडे बघत बसतात.

धूळमास २१

तो सापडला.

पाइपवाल्यांची टोळी पूर्वेच्या कड्याखालून जात होती, त्यांना क्रेनचं टोक दिसलं. गाडी उलटलेली, पाय खाली अडकलेला. वरच्या कपारीत चादरीचं घरटं. अंगाशी तिचं पिल्लू, त्याच्या शर्टात गुंडाळलेलं. पिल्लू तेवढं जिवंत. मुठीत लोकरीचे पुंजके, चोखून चोखून पांढरे झालेले.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, केव्हा?  त्या म्हणाल्या, "काल. फार तर परवा. तहानेने."

भाऊजी भिंतीला टेकून खालीच बसले. आईंना मीच सांगितलं. सगळं, एक शब्द न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं. इतक्या दिवसांनी बोलल्या ते एवढंच — "पिल्लू कुठंय?"

भाऊजींच्या कोटात होतं. आईंनी पदर पसरून मांडीवर घेतलं. त्याचं तोंड उघडं होतं, बंदच होत नव्हतं.

मी नळ सोडला.