निजायची खाट

५ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण पोटभर मिळतं. फक्त नेमबाजीत दोनदा नापास झाले. बंदूक धरून पालथी पडले की डोळेच मिटतात. अठ्ठावीसला शेवटची संधी. तीही हुकली तर घरी पाठवतील. पहाटे चारला आमचे कवायत शिकवणारे उस्ताद खाटा तपासतात. चादरीला सुरकुती दिसली की मैदानाला दहा फेऱ्या. तशी चादर घालायला तास लागतो, म्हणून आम्ही सगळ्या खाट आधीच तयार ठेवून फरशीवर निजतो. जेमतेम दोन तास डोळा लागतो. उस्ताद म्हणतात, शिपायाला झोप शोभत नाही. मी मजेत आहे. बाबांना सांगू नकोस.

तुझी ठकू

१२ जून

चि. ठकूस आजीचे उदंड आशीर्वाद, वि. वि.

मजेत आहे असं दोनदा लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की पोरगी पेंगत लिहितेय. तुझ्या बापाला सांगितलं नाही. सांगून तरी काय, तो ऐकता ऐकता घोरतो.

म्हणे शिपायाला झोप शोभत नाही. मग काय शोभतं, पेंगत बंदूक धरणं? मोठा आला शहाणा. खाट निजायला दिली की बघत बसायला? स्वतः मात्र दुपारी ताणून देत असेल, लिहून ठेव.

मी तीस वर्षं इस्पितळात आया होते. एकदा मोठ्या बाईंनी लागोपाठ दोन पाळ्या करायला लावल्या. त्यांचंही हेच, की काम करणाऱ्याला झोप येते कशी. दुसऱ्या पाळीत मी ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या म्हाताऱ्याला चहा पाजला, वर दोन बिस्किटं. तो खूश, ऑपरेशन पुढे ढकललं, आणि बोलणी मला. माझ्या हातात कपबशी होती. तुझ्या हातात बंदूक आहे, बाई.

तर ऐक. सकाळी चाळीस खाटा मी एकटी घालायचे. आधी पायाकडची बाजू खोच. मग कोपऱ्यापासून वीतभर सोडून चादरीची कड उचल, गादीवर टाक, खाली लोंबेल ते आत खोच. आता वरची कड खाली सोडून तीही खोच. चारी कोपरे असेच. त्याच्यावर खुशाल नीज, अंगावर नुसतं पांघरूण घे. उठल्यावर ओला तळवा फिरव, सुरकुती जाते. दोन मिनिटांचं काम, आणि त्यासाठी पोरी फरशीवर.

शेजारीण विचारत होती, पत्र कुणाचं. पलटणीतून आलंय म्हटलं, तर बघतच राहिली.

म्हातारीवर माया आहे तशी राहू दे.

तुझी आजी

२९ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. दहातल्या नऊ गोळ्या लागल्या, पास झाले. बराकीतल्या सोळाजणी आता खाटेवर निजतात. उस्तादांनी माझी चादर दाबून दाबून पाहिली आणि कुठे शिकलीस विचारलं. मी तुझं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, तो कोपरा मलाही दाखव. त्यांची खाट मोठे साहेब तपासतात. बावीस वर्षं तेही फरशीवरच निजताहेत.

तुझी ठकू

५ जुलै

चि. ठकूस आशीर्वाद.

बावीस वर्षं! आणि मी त्याला दुपारी ताणून देतो म्हटलं. खांद्याला बंदूक आणि चादर घालता येत नाही. शिकव बाई त्याला, पण मोठ्या साहेबाला शिकवू नकोस. त्याला कोण तपासतो ते आधी कळू दे.

नऊ गोळ्यांचं शेजारणीला दोनदा सांगितलं. तुझ्या बापाला मात्र एकदाच, तेवढ्यात तो झोपला.

या खेपेला मजेत आहे असं एकदाच लिहिलंस. म्हणून खरं धरते.

तुझी आजी