जलकुंभीनं प्यायलेलं शिसं

गुरुजी,

पोळा झाल्यावर एका सकाळी दुकान उघडायच्या आधी मी बोडीच्या तळ्यात उतरलो आणि जलकुंभीची दोन पोती सायकलवर लादून आणली. कुडव्याला माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे, ते तुम्ही पाहिलं नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या धुतल्या की शिशाचं पाणी निघतं. इतकी वर्षं ते मी मागच्या नालीत सोडत आलो. कॉलेजातल्या एक मॅडम बॅटरी घेऊन आल्या, नाली पाहून म्हणाल्या, जलकुंभी मुळांनी शिसं ओढून घेते. हे ऐकल्यापासून माझं कामात लक्षच लागेना. धुण्याचं पाणी नालीऐवजी टाकीत साठवलं आणि त्यात जलकुंभी सोडली. पहिली झाडं ॲसिडनं जळाली. मग टाकीत आधी चुना टाकला, पाणी निवळू दिलं, तेव्हा ती तगली. दर रविवारी जुनी काढायची, नवी सोडायची. दिवाळीनंतर मॅडमनी पाणी तपासून आणलं. शिसं पार उतरलं होतं! मी टाकीपुढे हात जोडले, तर गिऱ्हाइकं हसायला लागली.

"आणि काढलेली झाडं?" मॅडमनी विचारलं.

ती मी देवळामागच्या वाफ्यात, वांग्यांच्या बुडाशी खत म्हणून घालत होतो. दुसरं काही सुचलंच नाही, गुरुजी. सहावीत शाळेच्या बागेसाठी आपण जलकुंभी ओढत होतो, मी भारा काठावर टाकून पळालो आणि तुम्ही कान धरून परत आणलंत. "फेकून काऊन राहिला? मातीले खाऊ घाल." त्या बागेतला पहिला भोपळा तुम्ही माझ्या आईला दिलात. ते पाणी चांगलं होतं, तुमचं काही चुकलं नाही. माझी झाडं मात्र शिसं पिऊन फुगलेली, आणि ती वांगी कार्तिक पौर्णिमेच्या महाप्रसादाची.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून कबूल करतो. पाणी साफ झालं हे चार दिवस येईल त्याला सांगत होतो, वांग्यांचं कोणालाच सांगितलं नाही. लोक हसतील याची भीती वाटली.

आज काकड आरती सुटली आणि मी रिकामं पोतं घेऊन सगळ्यांदेखत वाफ्यात उतरलो. पुजारीबाबा धावत आले.

"देवाचे वांगे काऊन उपटून राहिला गा?"

"शिसं हाय त्यात, बाबा. माह्या दुकानातलं."

"वांग्यात अळी राहाते. शिसं कसं राहीन?"

"मीनंच घातलं," मी मोठ्यानं म्हणालो, आणि जलकुंभीचं सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. शेवटच्या रोपाला हात घातला तेव्हा पुजारीबाबा पोत्याचं तोंड धरून उभे होते.