सात नंबरची खुर्ची

३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खासदार झालास, पक्षाचा प्रतोद झालास, अख्ख्या सभागृहाची मतं बोटांवर मोजतोस, पण अक्षर मात्र अजून कोंबडीचे पाय. अर्धं पत्र मी वाचलं, उरलेलं तुझ्या भावोजींनी. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्यामुळे त्यांना कसलंही अक्षर लागतं.

त्यांची तब्येत विचारलीस म्हणून खरं ते लिहिते. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला तीनदा डायलिसिस सांगितलंय, आम्ही दोनदाच जातो. तिसरी फेरी परवडत नाही. शनिवारपासून पाय सुजतात, धाप लागते, ब्रश धरला की हात थरथरतो. असंच वर्षभर चाललं तर हृदय साथ देणार नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोरच म्हणाल्या, त्यामुळे लपवायचा प्रश्न मिटला.

वॉर्डात चोवीस खुर्च्या आहेत. यांची सात नंबरची, खिडकीजवळ. आठ नंबरला एक निवृत्त मास्तरीणबाई असतात, त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्या वॉर्डाला आमच्या घरच्या गोष्टी कळतात. तुमचा आरोग्याचा कायदा येतोय, डायलिसिस पहिल्या यादीत आहे, म्हणजे एक जूनपासून फुकट, हेही आता सगळ्यांना पाठ आहे. यांनी दुकानाच्या भिंतीवर खडूने ‘१ जून’ लिहून ठेवलंय. मी म्हटलं पुसा, नजर लागेल. तर म्हणाले, मेहुणा बसलाय ना तिथे!

माझं ठीक. गणवेशांची घाई आहे, कारखान्यात दिवसाला दोनशे बाह्या कापतेय. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पेपरात वाचण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो.

आमची मतं नऊने कमी पडत होती. अकरा खासदारांचा एक छोटा पक्ष आहे, त्यांच्या म्होरक्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात. माणूस साखरेसारखा बोलतो आणि आवळा देऊन कोहळा काढतो. खर्च झेपणार नाही, पहिल्या यादीतले तीन उपचार काढा आणि पाच वर्षांनंतरच्या दुसऱ्या यादीत टाका, मग आमचे अकराही हात वर, असं त्याचं म्हणणं. कुठले तीन, ते त्याने माझ्यावर सोडलं. मी दात, कानाची यंत्रं आणि डायलिसिस लिहून दिलं.

ताई, डायलिसिस त्याने मागितलं नव्हतं. मी आपणहून दिलं. भावोजी त्या खुर्चीत बसतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रतोदाने लोकांचं कापलं आणि घरचं राखलं, असं एक जरी माणूस म्हणाला असता तरी सगळ्या कायद्याला काळिमा लागला असता. आता कोणी बोट दाखवू शकणार नाही. भावोजींच्या तिसऱ्या फेरीचं मी माझ्या पगारातून बघतो. तू नाही म्हणू नकोस.

रागावशील, ते कळतं. पण विचार करून बघ.

लोभात कपात नसावी.
टिल्लू


२० फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. आज एकच, तोही नाइलाजाने.

विचार करून बघितला. दोन दिवस बघितला. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं नाही, त्यांनीच उचलून वाचलं. खडूने लिहिलेलं तेवढं फडक्याने पुसून आले.

तुला बाबांची खोड लागलीय. हेडमास्तर होते, घरच्याला सगळ्यात शेवटी. शाळेत वह्या वाटल्या की आपल्या दोघांपर्यंत येईतो संपलेल्या. माझा सातवीच्या शिष्यवृत्तीचा निबंध त्यांनीच तपासला होता, आठवतं? माझ्याच बाकावरच्या मुलीला वीसपैकी सोळा, मला बारा. निबंध तुझा चांगला होता, पण लोक म्हणाले असते हेडमास्तरांनी पोरीला दिले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. शिष्यवृत्ती तीन मार्कांनी गेली. लोकांनी त्यांना देवमाणूस म्हटलं. मला कोणी काही म्हटलं नाही, मी कात्री हातात घेतली.

तेव्हा निदान एकटीचं गेलं होतं. तू तर चोवीस खुर्च्या दिल्यास. वकीलसाहेबाची सुंठीवाचून खोकला गेला अशी गत! सात नंबरला तू पगारातून बघणार. बरं. आणि आठ नंबरला कोण बघणार? एकवीस नंबरला दूधवाला आहे, पोरीचं लग्न ठरलंय, त्याला काय सांगू? माझ्या नवऱ्याचा मेहुणा फार प्रामाणिक आहे म्हणून तू मर, असं?

कापायचं असतं हे मला शिकवू नकोस, माझा तोच धंदा आहे. कापड कमी पडलं की मी बाही आखूड करते. गळ्याला कात्री लावत नाही.

पैसे पाठवू नकोस. परत करीन.

ताई


९ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र खिशात घेऊन तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी वकीलसाहेबाकडे गेलो आणि डायलिसिस परत पहिल्या यादीत हवं म्हटलं. तो हसला. दिलेलं परत मागायला आलेला प्रतोद मी पहिल्यांदा बघतोय, म्हणाला. मग म्हणाला, देतो, पण तेवढ्याच तोलाचं काहीतरी द्या.

तेवढ्या तोलाचं माझ्याकडे एकच होतं. माझ्या मतदारसंघातलं रुग्णालय. अठरा वर्षं ज्याचं वचन देऊन निवडून येतोय आणि जे यंदा एकदाचं मंजूर झालं होतं, ते. आता ते त्याच्याकडे होईल. त्याच्या भागातही एक धड दवाखाना नाही, हेही खरं आहे.

आमच्या पक्षाच्या बैठकीत गलका झाला. एकाने विचारलंच, हे भावोजींसाठी का? मी उभा राहून सांगितलं की होय, माझे भावोजी त्या खुर्चीत आहेत, म्हणूनच मला माहीत आहे की शेजारी आणखी तेवीस आहेत.

काल मतदान झालं. दोन मतांनी तरलो. एक जून कायम. दात आणि कान मात्र गेले पाच वर्षांवर, ते काही वाचवता आले नाहीत.

एक काम आहे. रुग्णालयाच्या मोकळ्या जागेवर ती पाटी आहे, ‘येथे भव्य रुग्णालय होणार’, खाली माझं नाव. भावोजींनी रंगवलेली, दर निवडणुकीआधी नवा हात मारलेली. ती पांढरी करायला कोणीतरी माहितीतला रंगारी सांगतील का?

रागाचं आखडतं घ्यावं, लोभाचं नको.
टिल्लू


२२ मार्च

प्रिय मेहुणेबुवा,
स. न. वि. वि.

रंगारी सांगा म्हणालात. मी काय मेलोय का? (तुमच्या ताईने हे वाक्य खोडायला सांगितलं. खोडत नाही.)

गुरुवारी मोकळा होतो, आम्ही दोघं बसने गेलो. शिडी तुमच्या ताईने धरली, आणि खालून सूचना दिल्या त्या वेगळ्याच. पांढरा हात मारून झाला. मग पाटीकडे बघत बसलो. नुसती पांढरी पाटी बरी दिसेना. लोक म्हणतील, रात्रीतून पुसून पळाला. पाटी मी रंगवली होती, ती खोटी ठरली, तर खरी करणंही मलाच आलं. तेव्हा तुम्हाला न विचारता लिहून आलोय:

‘रुग्णालय येथे होणार नाही. ते मी देऊन टाकलं. का, ते विचारायला घरी यावे. सकाळी असतो. – तुमचा खासदार.’

हात थरथरत होता, ‘नाही’ थोडं वाकडं गेलंय, पण लांबूनही वाचता येतं. राजकारणातलं मला कळत नाही. तुमचं नुकसान झालं तर मला जबाबदार धरा.

तुम्ही माझ्यासाठी काय दिलंत ते मला ठाऊक आहे. तोंडावर बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आपला,
भावोजी


१८ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, मोजून घ्यावेत. वि. वि.

निकाल ऐकला. तेराशे बारा मतांनी पडलास. तुझ्या भावोजींनी दिवसभर दुकान उघडलं नाही. पाटीमुळे झालं, असं एकच धरून बसलेत. मी त्यांना सांगितलं, पाटी वाचून तीनशे माणसं टिल्लूच्या दारात भांडायला गेली, त्यातली निम्मी चहा पिऊन शांत परतली, असं त्यानेच कळवलंय. पाटी नसती तर पाच हजारांनी पडला असता. ते त्यांना पटलेलं नाही. तू येऊन पटव.

ते बरे आहेत. जूनपासून आठवड्याला तीनदा जातो. सूज उतरली, जिना एका दमात चढतात, आणि परवा एका दुकानाची अख्खी पाटी एकट्याने रंगवली. एकवीस नंबरच्या दूधवाल्याच्या पोरीचं लग्न झालं. त्या लग्नात तो स्वतः उभा होता.

काल वॉर्डात तुझं सांगितलं. मास्तरीणबाईंना दोनदा ओरडून सांगावं लागलं, कारण त्यांचं यंत्र तुमच्या दुसऱ्या यादीत आहे. मग त्यांनी विचारलं, तुमच्या भावाला मत द्यायला कुठल्या बसने जायचं होतं? मी म्हटलं, बाई, तो मतदारसंघच वेगळा, इथल्या कुणाचंच नाव त्या यादीत नाही. त्यांनी मान वळवून सगळ्या खुर्च्यांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, एकाचंही नाही? मी म्हटलं, चोवीसमधल्या एकाचंही नाही. मला तिथेच रडू आलं रे. मशीनवरच्या नर्सने खुर्ची दिली.

बाबा असते तर त्यांनी तुला बारा दिले असते. लोक काय म्हणतील म्हणून. पण हा पेपर माझ्याकडे आला आहे, आणि मी नीट वाचून तपासला आहे. वीसपैकी सोळा. घरचा म्हणून एकही कापला नाही.

चार कापलेत ते अक्षराचे.

आता तुला वेळच वेळ आहे, चार दिवस राहायला ये. सोमवारी आलास तर थेट वॉर्डातच ये, सात नंबरजवळ एक स्टूल असतं.

वाट बघणारी,
ताई