मुराळ्याची गाडी

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
गाडीची पूजा केली. लोक बॉनेटला कुंकू लावून मोकळे होतात. मला वरवरचं जमत नाही. एअर फिल्टरचं झाकण उघडून आत पाइपपर्यंत हळदकुंकू वाहिलं. भरपूर. अख्ख्या लातुरात अशी पूजा झाली नसेल.

४ ऑक्टोबर
गाडी हळू केली की बंद पडते. पळताना झकास. पेट्रोलमध्ये भेसळ, दुसरं काय! आता दुसऱ्या पंपावर भरतो.

७ ऑक्टोबर
पंप बदलला. तरी गतिरोधक आला की इंजिन गप. प्लग नवे टाकले. प्रश्न संपला.

८ ऑक्टोबर, सकाळी
संपला नाही. गांधी चौकात बंद. मागचे हॉर्न वाजवत राहिले. लोकांना धीर म्हणून नाही.
सिंधूचं म्हणणं, बजरंग मिस्त्रीला दाखवा. यूट्यूब बघून मी करतो त्या दुरुस्तीवर बायकोचा विश्वास नाही. पण घाई आहे खरी. तनुजाची लग्नानंतरची पहिली दिवाळी. तिला आणायला उदगीरला मुराळी म्हणून मीच येणार, तेही स्वतःच्या गाडीनं, असं व्याही किशनरावांना लग्नाच्या मांडवातच सांगून बसलोय. पोरगी रोज फोनवर विचारते, बाबा, कधी येताय? मला घरात बसवत नाही. सारखा उठून बॉनेट उघडतो.

१४ ऑक्टोबर
शेवटी बजरंग. त्यानं पाइप काढून आत बोट फिरवलं. बोट लाल. म्हणाला, काका, ह्येच्यात तर कुंकू हाय की! हळू चालताना इंजिनाला हवा बारक्या वाटेनं जाती, ती वाटच बुजली. पुसून देतो.
मी त्याचा हात धरला. लग्न झालेल्या लेकीला आणायला निघायचं आणि गाडीचं कुंकू पुसायचं? दिवाळी होईपर्यंत अजिबात नाही.
सिंधू म्हणाली, कुंकू काय इंजिनाला लावत्यात व्हय? एस्टीनं जावा गुमान. तिला शास्त्र कळत नाही. गाडीतलंही नाही.

१७ ऑक्टोबर
झोप उडाली, पण मार्ग सापडला. गाडी बंद कधी पडते? हळू केल्यावर. मग हळू करायचीच नाही. बजरंगला हे सुचलं नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
नळेगावच्या गतिरोधकावर डोकं टपाला आपटलं. इंजिन चालू! उदगीरपर्यंत कुठेही बंद नाही.
तनुजाचं घर दिसलं. पोरगी नवी साडी नेसून, बॅग घेऊन दारात उभी. शेजारी सासूबाई, हातात ओवाळणीचं ताट. पण थांबलो असतो तर व्याह्यांच्या दारात गाडी बंद पडली असती. शोभलं असतं का? हात केला आणि पुढे गेलो. गल्लीला वळसा घालून परत आलो. किशनराव रस्त्यात येऊन ओरडले, अहो पाव्हणं, थांबा की! मी हॉर्न दिला. त्यांनी बाजूला उडी मारली. या वयात चपळ आहेत.
तिसऱ्या फेरीपर्यंत तनुजाला गाडीत घ्यायची काही युक्ती सुचेल म्हणून लांबचा वळसा घेतला. पुढे रेल्वेचं फाटक बंद. थांबलो. गाडी बंद. मग सेल्फ मारून मारून बॅटरीही गेली. फोन घरी चार्जिंगला.

१९ ऑक्टोबर
काल ट्रॅक्टरला दोर बांधून संध्याकाळी घरी आलो. तनुजा दुपारीच एस्टीनं पोचली होती. तनुजानं मला फराळाचं ताट दिलं. म्हणाली, बाबा, तुम्ही हात केला तेव्हा मी बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत पळत आले होते. सगळी गल्ली बघत होती.
मला लई वाईट वाटलं. ताट तसंच राहिलं. म्हणालो, जाऊ दे, भाऊबीज झाली की सोडायला मीच येतो.
तिनं मोबाइल दाखवला. एस्टीचं रिझर्वेशन झालंय. सीट एकच.