सातविणीच्या सालीचा निकाल

बुधवार, संध्याकाळ

आज सूक्ष्मदर्शकाखाली ती स्लाइड तीनदा पाहिली. सातविणीच्या झाडाच्या सालीचा सगळ्यात तीव्र अर्क घातला, तरी हिवतापाचे जंतू जिवंतच. साल दिली होती लासूरकडच्या पार्वतीआजींनी. मेंढरं राखतात. म्हणाल्या होत्या, "माह्या पोराला ह्योच काढा पाजला व्हता. तपासून सांग, माय." तो मुलगा तापातच गेला.

सांगावं की नको? हिवताप संशोधनाच्या छावणीतल्या प्रयोगशाळेतले स्थानिक सगळे घरी गेले, तरी मी फोन हातात धरून बसलेली. शेवटी लावला.

"आजी, या काढ्यानं जंतू मरत नाहीत."

मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी म्या कमी पाजला म्हणून गेला नाय तो?"

"नाही आजी. कितीही पाजला असता तरी..."

"लई वरसं तेच वाटत व्हतं, माय." आणि त्या रडायला लागल्या.

एका स्लाइडवरून इतकं ठाम बोलायला नको होतं का? पण बोलले. पुन्हा बोलेन.

आमच्या प्रमुख सरांना "निकाल नकारात्मक" एवढंच कळवलं. छावणीतल्या या खोलीत बाकीचं ऐकायला कुणी नाही, म्हणून इथं लिहिलं.