धुक्यातला पूल

आमा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. भाउजू हे पत्र मोठ्यानं वाचेल, सुनेला मध्येच थांबवू नकोस.

मी मजेत आहे. तुम्ही पाठवलेलं वाळल्या आंबट पाल्याचं गुंद्रुक पोचलं. आता सगळी शाळा माझ्या हाती दिली आहे: अंध मुलांचे वर्ग आणि मोठेपणी नजर गेलेल्यांना पुन्हा चालणं, रांधणं शिकवणंही. जेवणाची आबाळ होत नाही, खरंच. दादाचा खोकला कसा आहे?

काल सकाळी असं धुकं उतरलं की डोंगर, झाडं, माझे स्वतःचे पायसुद्धा दुधात विरघळले. मी पुलाच्या तोंडाशी थबकले. मागून काठीची टकटक आली. आमच्याकडे शिकणाऱ्या फूलमाया होत्या. तुझ्याच वयाच्या. नजर गेल्यावर दोन वर्षं चुलीपाशी बसून होत्या.

"कोण, मिस? उभ्या का?"

"काही दिसत नाही हो."

"एवढंच ना? मग काय मेलात की काय?" त्या हसल्या. "धरा माझा खांदा."

पूल झुलत होता, नदीचा नुसता आवाज होता, आणि मी झोपेत चालावं तशी त्यांच्यामागून चालले. भीती कुठे गेली कळलंच नाही. पलीकडे पोचल्यावर त्या मोहरीची भाजी घ्यायला निघूनही गेल्या.

भाउजू सांगते, तू हल्ली अंगणातही येत नाहीस. डोळ्यांचं विचारलं की रागावतेस.

शनिवारी मी येते आहे. काठी आणत नाही, घाबरू नकोस. आपण दोघी फक्त गोठ्यापर्यंत जाऊ. तू पुढे चाल. तुझ्या मागून चालायची मला लहानपणापासून सवय आहे.

तुझीच धाकटी लेक,
कान्छी