वरच्या खोलीतला गरीब

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ठेवला! मला, स्वतःच्या बायकोला, न विचारता सोमनाथनं वरच्या खोलीत भाडेकरू ठेवला! सुदानचा मुलगा आहे, विद्यापीठात पीएच.डी. करतोय. नाव इद्रिस. इतका उंच की जिना चढताना वाकला — तरी डोकं आपटलंच. आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत आला.

शेजारची रूपाली लगेच कुंपणाशी हजर. "काकू, लईच काळा हाय ओ. लेकरं भिऊन जातील ना!" सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझा नवरा काय दुधानं धुतलाय व्हय?" रूपाली गेली! मी खूश. वाटलं, चला, म्हातारी सुधारली.

मग मला म्हणाल्या, "वरच राहू दे त्याला. खाली उतरायचं काम नाय."

१६ नोव्हेंबर, रविवार

मेघा आली होती. कंपनीत आमची टेबलं शेजारी, डबा एकत्र. पंधरा वर्षं झाली. सोमनाथला माहीत नाहीत अशी माझी गुपितंसुद्धा तिला माहीत! आणि तरी आमच्याकडं आली की बाहेर ओट्यावरच बसते. "आत ये की." "नको गं, घाई आहे." आणि मग अंधार पडेपर्यंत ओट्यावर खिदळत बसतो दोघी.

घाईबिई काही नाही. मेघा बौद्ध, आणि आमच्या सासूबाई देवगाव रंगारीच्या पाटलांची लेक. तोंडानं कधी काही बोलत नाहीत, पण ती आली की स्वयंपाकघराच्या दारात अशा उभ्या राहतात — रेल्वेचं फाटकच! मग कटकट नको म्हणून चहा मीच बाहेर नेते. आज कागदी कपात नेला. म्हटलं, भांडी पडलीत गं सगळी. मेघानं कप घेतला. चहा चांगला झाला होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हसून हसून पोट दुखलं आज! इद्रिस साबण मागायला खाली आला. म्हणाला, "साबून." सासूबाई चाट! "आगं, ही तं आपलीच भाषा!" मग अंगणात परीक्षाच सुरू झाली. सासूबाईंनी मराठीत बोलायचं, त्यानं अरबीत सांगायचं. खुर्ची — कुर्सी. दुकान — दुक्कान. हवा — हवा! तारीख — तारीख! निजामाच्याही आधीपासून आपल्या तोंडात बसलेले शब्द हे, मला ठाऊक आहे. पण सासूबाईंना वाटतंय सुदान कन्नड तालुक्याच्या जरा पुढं असेल.

शेवटी त्यानं छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मैं गरीब."

सासूबाईंचा चेहराच उतरला. "आगं आगं… गरीब हाय गं लेकरू." संध्याकाळभर तेच.

२१ नोव्हेंबर

वर भाकरी गेली. पिठल्यासकट!

२६ नोव्हेंबर, बुधवार

आता भाकरी वर जात नाही, इद्रिसच खाली येतो. स्वयंपाकघरात, थेट गॅसपाशी, पाटावर! गुडघे कानापर्यंत येतात बिचाऱ्याचे. सासूबाईंनी गंमत बघायला ठेचा वाढला, तर पठ्ठ्यानं आणखी मागितला. त्याला थंडी सोसत नाही म्हणून सोमनाथचा स्वेटर दिला. बाह्या कोपरालाच संपतात. शिवाय सोमनाथला ताकीद — "गरिबाकडून भाडं कसलं घेतो रे!" सोमनाथचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मीही हसले. पण नंतर भांडी घासताना एकदम डोकं फिरलं. समुद्रापलीकडून आलेला माणूस आमच्या पाटावर बसतो, आणि इथल्याच मुकुंदवाडीची मेघा ओट्यावर? का म्हणून? मैत्रीण आहे ती माझी! मला ती ह्याच पाटावर बसलेली पाहिजे. सासूबाईंशी बोलायचंच. ठरलं.

२९ नोव्हेंबर

बोलले नाही. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा "आत्या, मीठ कुठंय" एवढंच विचारलं.

३ डिसेंबर, बुधवार

इद्रिसनं जिन्यात गाठलं. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारतो — आजींनी स्वेटर दिला, सोमनाथसाहेबांची पँट दिली, आज चादर दिली. का? म्हटलं, तूच म्हणालास ना, गरीब आहे म्हणून! तर तो पायरीवर बसून असा हसत सुटला, की रूपाली पुन्हा कुंपणाशी.

अरबीत गरीब म्हणजे परका! दुसऱ्या मुलखातला! पैशाशी काही संबंधच नाही. बाप डॉक्टर आहे त्याचा! आता हे सासूबाईंना कोण सांगणार? अर्थात मीच.

४ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं. वाटलं ओशाळतील, निदान चादर तरी परत मागतील. कसलं काय! भडकल्याच. "परका म्हनला? माझ्या सैपाकघरात बसून, माझ्या हातची भाकर खाऊन सोताला परका म्हनतो? बोलव त्याला!"

हीच वेळ होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आत्या, मेघा कोण? तिला का ओट्यावर बसवता?"

त्यांनी हातातलं उलथणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्या बसवली? तू कवा आत आनली तिला? म्या काय तुझा हात धरला व्हता व्हय?"

साफ खोटं! फाटकासारखं उभं कोण राहतं मग? सगळं माझ्यावर ढकलून मोकळ्या! मला रडूच आलं. रागानं जेवले नाही. मेघासाठी भांडले ह्याचं मात्र बरं वाटतंय.

६ डिसेंबर

सासूबाई बोलत नाहीत. मीही नाही. आमच्या मधे बसून इद्रिस निवांत भाकरी खातो.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी जरा डोळा लागला. उठले तर सासूबाई घरात नाहीत. रूपाली म्हणाली, "इद्रिसच्या स्कूटरवर मागं बसून गेल्या की! डोक्यात हेल्मेट घालून!"

तेवढ्यात मेघाचा फोन. "तुझ्या सासूबाई आमच्याकडं आल्यात. म्हणाल्या, तनुजा काय तुला आत न्यायची नाय, म्हनून म्याच आले. मी जेवायला वाढतेय. पण त्या विचारतायत, तनुजा येती तवा कुठं बसून जेवती? मलाबी तिथंच वाढ." मग आवाज बारीक करून म्हणाली, "काय सांगू गं त्यांना?"

कितीदा बोलावलं तिनं. मी मेघाच्या घरी एकदाही जेवलेली नाही.